लघवीच्या तपासणीचा कागद कसा वाचावा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय मी कळवला, तेव्हा आपल्या चिटणीसबाई क्षणभर गप्पच झाल्या. "वर्धापनदिनाला जरा दुसरा एखादा विषय नाही का चालणार?" असे त्यांनी हळूच विचारूनही पाहिले. त्यांचे काही चुकले नाही. लघवी हा शब्द चारचौघींत उच्चारायची आपल्याला सवयच नाही. रक्त तपासले, साखर किती निघाली, हे आपण आगगाडीच्या डब्यात शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगतो. पण लघवीची बाटली मात्र पदराखाली झाकून, काळ्या पिशवीत घालून नेतो. आणि तिचा कागद हाती आला की तोही तसाच घडी घालून ठेवून देतो. या घडी घालून ठेवण्यापायी काय गमवावे लागते, ते मी माझ्या घरात पाहिले आहे. ती गोष्ट मी पुढे सांगणार आहे. खरे म्हणजे तिच्यासाठीच मी आज इथे उभी राहिले आहे.

मी डॉक्टर नव्हे, हे आधीच सांगते. तपासणीच्या खोलीत सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावून ३१ वर्षे काम केलेली मी एक बाई आहे. तेव्हा औषध कोणते घ्यावे हे मी सांगणार नाही. ते डॉक्टरांचे काम. कागद हाती आल्यावर कोणत्या ओळी पाहाव्यात, कशाला घाबरू नये आणि कशाला मात्र घाबरायलाच हवे, एवढेच सांगणार आहे.

ही तपासणी काही आजची नव्हे. ज्याच्या लघवीला मुंग्या लागतात त्याला मधुमेह झाला, ही खूण आपल्या आयुर्वेदातील जुन्या ग्रंथकारांना ठाऊक होती. लंडनच्या गायज हॉस्पिटलात रिचर्ड ब्राइट नावाचे डॉक्टर होते. अंगावर सूज आलेल्या काही रोग्यांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवली, तर अंड्याचा पांढरा बलक गोठावा तशी ती गोठते, आणि अशा रोग्यांची मूत्रपिंडे बिघडलेली असतात, हे त्यांनी १८२७ साली प्रसिद्ध केले. मी नोकरीला लागले तेव्हा आम्हीही काचेच्या नळीत लघवी उकळून अल्ब्युमिन पाहत असू. साखरेसाठी बेनेडिक्टचे निळे द्रावण ५ मिलिलिटर घ्यायचे, त्यात लघवीचे ८ थेंब टाकायचे आणि उकळायचे. निळेच राहिले तर साखर नाही. हिरवे, पिवळे, नारिंगी आणि शेवटी विटेसारखे लाल झाले, तर साखर चढत्या प्रमाणात आहे असे समजायचे. पुढे कागदी पट्टी आली. लघवीत बुडवून साखर दाखवणारी ती पट्टी १९५६ साली अमेरिकेत बाजारात आली, आणि ती तयार करणाऱ्यांत हेलन फ्री नावाच्या एका रसायनशास्त्रज्ञ बाईंचा मोठा वाटा होता. त्यांचे पती आल्फ्रेड फ्री हे त्यांचे सहकारी. आज त्याच जातीची एक पट्टी एकदा बुडवली की दहा-दहा गोष्टी मिनिटा-दोन मिनिटांत सांगते. ज्या विषयाचे नाव काढायला आपण लाजतो, त्यात एका बाईने जन्म वेचला, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते.

आता बाटलीकडे वळू. कागद खरा की खोटा, हे पुष्कळदा बाटलीवरच ठरते. पूर्वी लोक घरातील मिळेल ती बाटली घेऊन येत. एकदा एका आजोबांच्या लघवीत साखर निघाली आणि घरात रडारड झाली. चौकशी केली तेव्हा कळले, की बाटली मधाची होती आणि नुसती विसळून आणली होती! दुसऱ्या दिवशी स्वच्छ डबीत नमुना घेतला, तो साखर नाही. तेव्हा डबी तपासणीच्या ठिकाणाहूनच घ्यावी. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी उत्तम. आधी साध्या पाण्याने अंग स्वच्छ धुवावे. पहिली धार सोडून द्यावी, मधली धार डबीत धरावी आणि शेवटची पुन्हा सोडून द्यावी. डबीच्या आतल्या बाजूला बोट लावू नये. नमुना तासा-दोन तासांत पोहोचता करावा. तो दुपारपर्यंत उन्हात राहिला तर त्यात जंतू वाढतात, पेशी विरघळून जातात, असलेली साखरसुद्धा कमी होते. पाळी चालू असेल तर तसे सांगावे. निकड नसेल तर तपासणी चार दिवस पुढे ढकलावी. अंगावरून पांढरे जात असेल तर तेही सांगावे. सांगायला लाज वाटते खरी. पण न सांगितल्याने चुकीचा कागद हाती येतो, आणि त्या कागदावर चुकीचे औषध.

कागदाचे साधारण तीन भाग असतात. डोळ्यांना दिसते ते, पट्टीला कळते ते, आणि सूक्ष्मदर्शकातून दिसते ते.

पहिल्या भागात रंग असतो. फिकट पिवळा हा नेहमीचा. पाणी कमी प्यायले की तो गडद होतो. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांनी लघवी हळदीसारखी पिवळीधमक होते, क्षयाच्या रिफाम्पिसिन या औषधाने नारिंगी-लाल होते, आणि बीट खाल्ल्यावर काहीजणींची गुलाबी होते. त्यात भिण्यासारखे काही नाही. पण मोहरीच्या तेलासारखी गडद लघवी आणि पिवळे डोळे म्हणजे कावीळ असू शकते. मग त्या कागदावर बाइल पिगमेंट किंवा बिलिरुबिन 'आहे' असे येते. 'स्पेसिफिक ग्रॅव्हिटी' म्हणून १.००५ ते १.०३० च्या दरम्यान एक आकडा असतो. तो लघवी पातळ की दाट एवढेच सांगतो. पुष्कळ पाणी प्यायले की तो उतरतो, उन्हातान्हात घाम गेला की चढतो. 'रिअॅक्शन' म्हणजे आम्ल की अल्कली. बहुतेक वेळा ती आम्ल, म्हणजे ६ च्या आसपास असते. या दोन ओळींवरून रात्रीची झोप घालवू नये.

दुसऱ्या भागातली साखरेची ओळ सर्वांच्या ओळखीची. पण तिच्याविषयी गैरसमजही फार. साधारणतः रक्तातली साखर १८० च्या वर गेली म्हणजे ती लघवीत उतरू लागते. म्हणजे एखाद्या बाईची रक्तातली साखर १६० असेल, तर तिच्या कागदावर 'शुगर नील' असेच येईल, आणि ती मधुमेह नाही म्हणून निर्धास्त लाडू खाईल! तेव्हा लघवीत साखर नाही याचा अर्थ मधुमेह नाही असा होत नाही. त्यासाठी रक्तच तपासायला हवे. उलट बाजूही आहे. गरोदरपणी रक्तातली साखर ठीक असतानाही थोडी साखर लघवीत उतरू शकते. शिवाय मधुमेहाची डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी काही नवी औषधे आहेत. रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर काढणे हेच त्यांचे काम. त्या गोळ्या घेणाऱ्यांच्या कागदावर साखर भरपूर येणारच. म्हणून कोणत्या गोळ्या चालू आहेत ते आधी सांगावे.

'कीटोन' ही ओळ उपास केला, उलट्या झाल्या, पोटात अन्न नसले तरी दिसते. पण मधुमेही माणसाच्या लघवीत कीटोन आले आणि त्याला मळमळ, पोटदुखी, धाप, ग्लानी असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

तिसरा भाग सूक्ष्मदर्शकाचा. त्यात 'पस सेल्स' या दोन शब्दांनी आपल्या बायकांना जितके घाबरवले आहे तितके दुसऱ्या कशानेही नसेल. नावात 'पू' आहे म्हणून माणूस दचकते. वस्तुतः त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. सूक्ष्मदर्शकाच्या एका क्षेत्रात त्या ५ पर्यंत दिसल्या तर बहुतेक ठिकाणी ते ठीकच धरतात. प्रत्येक ठिकाणची मर्यादा कागदावर शेजारी छापलेली असते, ती पाहावी. समजा ८-१० आल्या. तर लगेच खालची ओळ वाचावी, 'एपिथेलियल सेल्स'ची. या त्वचेच्या पेशी. त्याही पुष्कळ असतील, तर नमुना नीट धरला गेला नाही, बाहेरचे काही त्यात मिसळले, असा संशय घ्यावा आणि पुन्हा स्वच्छ नमुना द्यावा.

मग विचार करावा, की मला त्रास काय होतो? उन्हाळी लागली आहे का? घडोघडी जावे लागते, ओटीपोटात दुखते, ताप आहे? असे काही असेल तर तो कागद खरा धरून डॉक्टरांकडे जावे. ते 'कल्चर' करायला सांगतील, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ते कोणते आणि कोणत्या औषधाने मरतात ते पाहायचे. त्याला एक-दोन दिवस लागतात. आपण काय करतो? शेजारणीच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेतो, बरे वाटले नाही म्हणजे कल्चरला जातो, आणि मग कल्चरमध्ये जंतूच वाढत नाहीत! गोळीने ते अर्धवट मारलेले असतात, पण मुळात गेलेले नसतात. धण्याजिऱ्याचे पाणी जरूर प्यावे, त्याने लघवी मोकळी होते. पण थंडी वाजून ताप आला, कंबरेच्या वर पाठीत दुखू लागले, तर ते दुखणे मूत्रपिंडापर्यंत चढले असेल. तिथे धण्याजिऱ्याचा इलाज चालत नाही.

आणि काहीच त्रास नसेल तर? तर नुसत्या पस सेल्ससाठी, किंवा कल्चरमध्ये जंतू निघाले एवढ्याचसाठी, बहुतेक बायकांना अँटिबायोटिक लागत नाही. आपल्या घरातल्या वयस्क सासूबाईंच्या, आत्याबाईंच्या लघवीत काही त्रास नसताना जंतू सापडणे ही नेहमीची गोष्ट आहे. याला मोठा अपवाद गरोदर बाईचा. तिला त्रास नसला तरी कल्चरमध्ये जंतू निघाल्यास औषध द्यावेच लागते, कारण तिच्यात ते मूत्रपिंडापर्यंत सहज चढतात. आणखी एक लक्षात ठेवावे. पस सेल्स पुन्हा पुन्हा येतात, पण कल्चरमध्ये काहीच वाढत नाही, असे होत राहिले तर मूत्रमार्गाच्या क्षयाचीही शंका घेतात. क्षयाचे जंतू नेहमीच्या कल्चरमध्ये वाढत नाहीत. त्यांची तपासणी निराळी असते.

'आर.बी.सी.' म्हणजे तांबड्या पेशी. क्षेत्रात एखाद-दुसरी चालते. मुतखड्यात त्या वाढतात, जंतूंच्या दुखण्यातही वाढतात, पाळीच्या दिवसांत तर येणारच. पण डोळ्यांना लाल दिसणारी लघवी, विशेषतः न दुखता आलेली आणि चाळिशी उलटलेल्या माणसाची, एकदाच होऊन थांबली तरी डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे. दुखले नाही म्हणून सोडून दिलेल्या अशा रक्तामागे पुढे मूत्राशयाचा कर्करोगही निघू शकतो. 'कॅल्शियम ऑक्झलेट क्रिस्टल्स' असे दिसले म्हणजे मात्र मुतखडाच झाला असे नव्हे. धडधाकट माणसाच्या लघवीतही ते स्फटिक दिसतात.

आता मी एक ओळ मुद्दाम शेवटी ठेवली आहे. ती अल्ब्युमिनची, म्हणजे प्रोटीनची. चांगल्या मूत्रपिंडातून प्रथिने जवळजवळ बाहेर पडत नाहीत. ताप असेल, खूप श्रम झाले असतील तर कधी 'ट्रेस' किंवा एक अधिक चिन्ह येते आणि पुढे जाते. म्हणून बरे वाटल्यावर पुन्हा तपासावे. पट्टीवरचे एक अधिक म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये सुमारे ३० मिलिग्रॅम, दोन म्हणजे सुमारे १००, तीन म्हणजे सुमारे ३००. पुन्हा पुन्हा अल्ब्युमिन येत राहिले तर मूत्रपिंड काही सांगू पाहत आहे असे समजावे. आणि ते फार हळू आवाजात सांगते; मूत्रपिंड बिघडताना बहुधा दुखत नाही. म्हणून मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी, कागदावर 'नील' आले तरी, वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे प्रमाण पाहणारी बारीक तपासणी करून घ्यावी. पट्टीला न दिसणारे अल्ब्युमिन तिला दिसते.

आता ती घरची गोष्ट. माझी धाकटी जाऊ पहिलटकरीण होती. डोहाळेजेवण थाटात झाले. आठव्या महिन्यात तिचे पाय सुजू लागले. "पहिलटकरणीचे पाय सुजायचेच," असे सासूबाई म्हणाल्या, आणि ते काही खोटे नव्हते, पुष्कळजणींचे सुजतात. मग हातातल्या बांगड्या घट्ट होऊ लागल्या. नेहमीप्रमाणे लघवी तपासायला दिली होती. कागद आला त्या दिवशी मी कामावर होते. तिथून फोन करून मी विचारले, "काय गं, काय आलं?" ती म्हणाली, "ताई, साखर नील आहे." आमच्या सासूबाईंना मधुमेह, त्यामुळे घरात सर्वांचे लक्ष साखरेवर. "वा, छान झालं," असे म्हणून मी फोन ठेवला. कागद घडी होऊन फाइलमध्ये गेला. डॉक्टरांकडे जायची तारीख पाच दिवसांनी होती.

त्याच कागदावर, साखरेच्या वरच्याच ओळीत, 'अल्ब्युमिन' या शब्दापुढे दोन अधिक चिन्हे होती.

तिसऱ्या दिवशी तिचे डोके दुखू लागले. पित्त झाले असेल म्हणून तिला आमसुलाचे सार दिले. संध्याकाळी "डोळ्यांपुढे काजवे चमकतात" असे ती म्हणाली. रात्री तिला आकडी आली. इस्पितळात नेले तेव्हा रक्तदाब भयंकर चढलेला होता. शस्त्रक्रिया करून मूल बाहेर काढले. जाऊ वाचली. मुलगी वाचली नाही.

दिवसभर लोकांच्या लघवीतले अल्ब्युमिन पाहणारी मी, आणि माझ्या घरच्या कागदावरची ती ओळ विचारायची मला सुचली नाही. कोणाला दोष द्यायचा? कागद खरा होता, वेळेवर आला होता, मोठ्या अक्षरांत छापलेला होता. तो कोणी वाचला नाही एवढेच. जाऊबाई आज इथे दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. ही गोष्ट सांगू का, असे मी त्यांना विचारले होते. "ताई, सांगाच," असे त्या म्हणाल्या.

म्हणून गरोदर मुलीचा, सुनेचा कागद हाती आला की आधी अल्ब्युमिनची ओळ वाचा. विसाव्या आठवड्यानंतर त्या ओळीत अधिक चिन्ह असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्या. तो १४०/९० किंवा त्याच्या वर असेल तर लगेच डॉक्टर गाठा. तोंडावर आणि हातांवर सूज, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगड्यांखाली पोटात वरच्या बाजूला दुखणे, यांतले काही असेल तर लघवीत अल्ब्युमिन नसले तरी जा. कारण काही वेळा ते न येताही हा आजार होतो. पैशांची अडचण असली तरी मार्ग आहे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ साली सुरू झाले. त्यात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची तपासणी विनामूल्य होते. आपल्या घरी काम करणाऱ्या मावशींच्या लेकीसुनांनाही हे सांगा.

भगिनींनो, ३१ वर्षांत मी दोन तऱ्हेची माणसे पाहिली. एक, नुसत्या पस सेल्सनी हाय खाणारी. दुसरी, दुखत नाही म्हणून अल्ब्युमिनची घडी घालणारी. दोघींची चूक एकच. दोघी कागद एकटाच वाचतात, किंवा वाचतच नाहीत. कागद वाचताना तीन साक्षीदार बोलवावेत. नमुना कसा घेतला? माणसाला होते काय? आणि मागच्या वेळी काय आले होते, किंवा पुन्हा तपासल्यावर काय येते? या तिघांची साक्ष जुळली म्हणजे पुष्कळसा उलगडा होतो, आणि उरलेला डॉक्टर करतात.

यासाठी मागचे कागद सापडले मात्र पाहिजेत. ते गादीखाली, देव्हाऱ्यात, रेशनकार्डाच्या पिशवीत असतात! माझी मंडळाला एक विनंती आहे. येत्या संक्रांतीला वाण म्हणून प्लॅस्टिकच्या डब्याऐवजी प्रत्येकीला एकेक साधी फाइल द्यावी. घरातल्या प्रत्येक माणसाचे कागद तारीखवार लावून तीत ठेवावेत, आणि ठेवण्यापूर्वी प्रत्येक कागद वरपासून खालपर्यंत एकदा मोठ्याने वाचावा. मोठ्याने वाचला म्हणजे ओळ सुटत नाही, आणि लाजही हळूहळू जाते.